लाल लेझरची तरंगलांबी हिरव्याइतकी आली तर चूक कुठे शोधावी?

दुहेरी झिरीच्या प्रयोगात प्रकाश दोन अरुंद, समांतर फटींतून (झिऱ्यांतून) पाठवून पडद्यावर उजळ आणि काळे पट्टे पाडतात आणि त्यांच्या अंतरावरून प्रकाशाची तरंगलांबी काढतात. या प्रयोगाची मांडणी लावून देण्याचे आणि बिघडलेली मांडणी पुन्हा मार्गावर आणण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. या प्रयोगातला दोष बहुतेक वेळा एकाच प्रकारचा असतो आणि तो सापडायला लागणारा वेळ मात्र दरवेळी जास्त जातो, कारण शोध चुकीच्या टोकापासून सुरू होतो. म्हणून आधी लक्षणे सांगतो आणि मग तपासण्या, ज्या क्रमाने मी स्वतः करतो त्याच क्रमाने.

लक्षणे

सर्वांत जास्त वेळा आढळणारे लक्षण असे: पडद्यावर पट्टे स्वच्छ दिसतात, मोजमापही मन लावून केलेले असते, पण गणित केल्यावर लाल लेझरची तरंगलांबी ५२० किंवा ५७८ नॅनोमीटर निघते. भिंतीवर लाल दिसत असते आणि वहीतला आकडा हिरव्याचा किंवा पिवळ्याचा असतो. कधी उलटही होते, आणि उत्तर ७५० च्या पुढे, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या टोकाला जाऊन बसते.

दुसरे लक्षण म्हणजे लेझर बदलून रंग बदलला तरी पट्ट्यांमधले अंतर तेवढेच राहते, किंवा हिरव्याचे पट्टे लालपेक्षा रुंद येतात. तिसऱ्यात पडद्यावर मोठाले उजळ डाग दिसतात, पण त्यांच्या पोटात बारीक काळ्या रेघा नसतात. आणि चौथे, लेझरने सगळे व्यवस्थित जमते, पण त्याच झिऱ्यांवर बल्बचा किंवा सोडियमच्या दिव्याचा प्रकाश टाकला की नुसता धूसर उजेड उरतो.

आकड्यांपुरती मांडणी

पुढचे सगळे आकडे एकाच मांडणीचे आहेत, म्हणजे तुलना सोपी जाईल. लेझर ६५० नॅनोमीटरचा, दोन झिऱ्यांच्या मध्यांमधले अंतर ०.२५ मिलिमीटर, प्रत्येक झिरीची रुंदी ०.०५ मिलिमीटर आणि झिरीपासून पडदा २ मीटरवर. सूत्र सर्वांना पाठ असते: तरंगलांबी = (लगतच्या दोन उजळ पट्ट्यांमधले अंतर × झिऱ्यांमधले अंतर) ÷ पडद्याचे अंतर. या मांडणीत लाल पट्टे ५.२ मिलिमीटरच्या अंतराने पडायला हवेत, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरचे सुमारे ४.२६ आणि ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्याचे ३.२४ मिलिमीटरच्या अंतराने.

हे असे का होते ते एकदा मनात पक्के असले की पुढच्या प्रत्येक तपासणीचा अर्थ लागतो. पडद्याच्या मध्यभागी दोन्ही झिऱ्यांपासूनचे अंतर सारखे असते, म्हणून तिथे कोणत्याही रंगाचा उजळ पट्टा असतोच. बाजूला सरकत गेल्यावर एका झिरीकडून येणारी वाट लांबत जाते आणि हा फरक बरोबर एका तरंगलांबीएवढा झाला की पुढचा उजळ पट्टा येतो. ज्या प्रकाशाचा तरंग लांब, त्याला तेवढा फरक मिळवायला मध्यापासून अधिक दूर जावे लागते. लाल पट्टे विरळ आणि जांभळे दाट असण्यामागे एवढेच कारण आहे. लेझरची शक्ती वाढवल्याने पट्टे अधिक उजळ होतात, रुंद होत नाहीत.

पहिली तपासणी: पुन्हा मोजा, यंत्राला हात न लावता

सर्वांत स्वस्त तपासणी ही आहे आणि निम्म्याहून अधिक वेळा माझे काम इथेच संपते. वर दिलेल्या मांडणीत मधल्या उजळ भागात नऊ पट्टे दिसतात आणि पहिल्यापासून नवव्यापर्यंतचे अंतर ४१.६ मिलिमीटर भरते. नऊ पट्ट्यांमध्ये जागा मात्र आठच असतात. ४१.६ ला नऊने भागले तर उत्तर ५७८ नॅनोमीटर येते आणि आठने भागले तर ६५०. वहीत ५७८ च्या आसपासचा आकडा दिसला की मी दुसरे काहीही विचारण्याआधी भागाकार कितीने केला ते विचारतो.

एकाच जागेचे माप घेऊन थांबू नये, हेही इथेच सांगायला हवे. साध्या मोजपट्टीने अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. ५.२ मिलिमीटरवर ती जवळजवळ दहा टक्के आहे, पण ४१.६ वर फक्त सव्वा टक्का. पडद्यावर कागद चिकटवून प्रत्येक उजळ पट्ट्याच्या मध्यावर टोकदार पेन्सिलीने खूण करावी आणि दिवे लावून मग शांतपणे मोजावे. अंधारात मोजपट्टी हातात धरून घेतलेल्या मापावर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक यापेक्षा फसवी आहे, कारण ती अधिक मेहनती माणसाकडून होते. अचूकता वाढावी म्हणून तो दूरचे, फिकट पट्टेही मोजायला जातो. पण प्रत्येक झिरीला स्वतःची रुंदी असते आणि त्या रुंदीमुळे होणारे विवर्तन, म्हणजे अरुंद फटीतून जाताना प्रकाशाचे पसरणे, पट्ट्यांवर एक मोठा आच्छादक आकार घालते. झिऱ्यांमधले अंतर झिरीच्या रुंदीच्या पाचपट असेल, तर मध्यापासून दोन्ही बाजूंचा पाचवा पट्टा नेमका विवर्तनाच्या काळ्या जागी येतो आणि दिसतच नाही. मध्याच्या दोन्ही बाजूंना सातव्या पट्ट्यापर्यंत मोजणाऱ्याला १५ ऐवजी १३ पट्टे दिसतात. तो १२ जागा धरतो, प्रत्यक्षात त्या १४ असतात, आणि ६५० चे ७५८ होतात. म्हणून खुणा केल्यावर लगतच्या खुणांमधले अंतर नजरेने तपासावे. कुठे एक जागा दुप्पट दिसली, तर तिथे एक पट्टा लुप्त आहे, तो मोजणीत धरायलाच हवा.

दुसरी तपासणी: पडद्याचे अंतर कुठून मोजले?

हे अंतर झिरीपासून मोजायचे असते, लेझरच्या तोंडापासून नाही. लेझर झिरीच्या दहा सेंटिमीटर मागे असेल आणि माप त्याच्या तोंडापासून घेतले, तर २ मीटरचे २.१० होतात आणि उत्तर ६१९ वर उतरते. ही चूक सुधारायला फक्त मीटरपट्टी लागते. एकदा ती योग्य टोकाला लागली की इथे सेंटिमीटरभराची चूक राहिली तरी फरक अर्ध्या टक्क्याचा पडतो, त्यामुळे मिलिमीटरच्या मागे लागून वेळ घालवू नये.

पडदा किरणाशी काटकोनात आहे का, तेही आताच पाहावे. पडदा वीस अंशांनी तिरपा असेल तर पट्टे सहा टक्क्यांहून थोडे अधिक ताणले जातात आणि लाल लेझर ६९२ नॅनोमीटरचा ठरतो. पट्टे मध्यापासून एकाच अंशाच्या आत पसरलेले असतात, म्हणून तिरपेपणामुळे डावी आणि उजवी बाजू असमान दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. ती समानच दिसते आणि फसवते. गुण्या लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

तिसरी तपासणी: दोन रंगांचे गुणोत्तर

ही तपासणी मला सर्वांत जवळची वाटते, कारण ती दोष कोणत्या खोलीत दडला आहे ते एका आकड्यात सांगते. मांडणी अजिबात न हलवता लालऐवजी हिरवा लेझर लावा, पट्टे मोजा आणि लाल पट्ट्यांचे अंतर हिरव्यांच्या अंतराने भागा. या भागाकारात झिऱ्यांमधले अंतरही उडून जाते आणि पडद्याचेही. उरते ते फक्त तरंगलांबींचे गुणोत्तर. ६५० आणि ५३२ साठी ते १.२२ यायला हवे. लाल आणि ४०५ च्या जांभळ्यासाठी ते १.६० च्या जवळ येते.

प्रकाशाच्या पट्ट्यांवरून तरंगलांबी काढणारे इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लाल टोकाची तरंगलांबी इंचाचा ३६ हजारावा भाग आणि जांभळ्या टोकाची इंचाचा ६० हजारावा भाग अशी काढली होती. आजच्या मापात हे आकडे सुमारे ७०६ आणि ४२३ नॅनोमीटर होतात, गुणोत्तर १.६७. लेझर नव्हता, सोडियमचा दिवा नव्हता. दोन झिऱ्यांऐवजी १८०३ मध्ये त्यांनी सूर्यकिरण दुभागण्यासाठी त्यात धरलेली कागदी पट्टी इंचाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढी रुंद होती. मांडणी साधी आहे म्हणून आपले उत्तर चुकले, असे कोणी म्हणाले की मला हे आकडे आठवतात.

गुणोत्तर बरोबर आले आणि स्वतंत्र उत्तरे मात्र चुकली, तर चूक दोन्ही रंगांत सारखीच शिरली आहे: झिऱ्यांमधले अंतर, पडद्याचे अंतर, तिरपेपणा किंवा दोन्ही वेळा केलेली तीच मोजणीची चूक. पहिल्या दोन तपासण्या झालेल्या असतील तर आता संशय जवळजवळ पूर्णपणे झिऱ्यांमधल्या अंतरावर येतो. गुणोत्तरच चुकले, तर दोन रंगांच्या मधल्या काळात काहीतरी बदलले आहे. बाजारात मिळणाऱ्या काचेच्या पट्टीवर झिऱ्यांच्या अनेक जोड्या शेजारी शेजारी असतात आणि लेझर बदलताना किरण शेजारच्या जोडीवर सरकतो. दुसऱ्या लक्षणामागचे, म्हणजे हिरवे पट्टे लालपेक्षा रुंद येण्यामागचे, मला आजवर सापडलेले कारण जवळजवळ दरवेळी हेच होते.

एक सावधानता मात्र बाळगावी. लाल पॉइंटरवर अनेकदा ६३० ते ६८० नॅनोमीटर असा पल्लाच छापलेला असतो. अशा लेझरचे उत्तर ६६५ आले तर तो दोष नाही आणि हिरव्याशी गुणोत्तर १.१८ ते १.२८ यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकते. हिरव्या लेझरवर ५३२ ऐवजी ५२० छापलेले असेल, तर तो वेगळ्या जातीचा आहे आणि गणितात तोच आकडा घ्यायचा.

जांभळ्या लेझरबद्दलही एक सांगून ठेवतो. ४०५ नॅनोमीटरला आपले डोळे फारच कमी संवेदनशील असतात, त्यामुळे पट्टे मंद दिसतात. साध्या पांढऱ्या कागदावर ते निळसर पांढरे दिसतात, कारण कागदातला चकाकी आणणारा पदार्थ त्या प्रकाशाने स्वतःच उजळतो. रंग फसवा असला तरी पट्ट्याची जागा खरी असते, तीच मोजावी. मंद दिसणारा हा किरण डोळ्यांना मंद नसतो, हे मात्र क्षणभरही विसरू नये.

चौथी तपासणी: किरण दोन्ही झिऱ्यांवर पडतो का?

पडद्यावर सुमारे ५२ मिलिमीटरचा मोठा उजळ डाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे २६ मिलिमीटरचे फिकट डाग दिसत असतील आणि आत बारीक रेघा नसतील, तर प्रकाश एकाच झिरीतून येतो आहे. हे विवर्तन आहे, व्यतिकरण (दोन झिऱ्यांच्या प्रकाशाने मिळून पाडलेले पट्टे) नाही. २६ मिलिमीटर हेच पट्ट्यांचे अंतर समजून गणित केले तर तरंगलांबी पाचपट, म्हणजे ३२५० नॅनोमीटर येते. लेझर आडवा अगदी थोडा सरकवावा. दोन्ही झिऱ्या किरणात आल्या की डागाच्या पोटात काळ्या रेघा उमटतात.

दोन्हींवर प्रकाश अगदी सारखा पडलाच पाहिजे असे नाही. एका झिरीवर चौपट तीव्रतेचा प्रकाश पडला तरी पट्ट्यांचा उठाव (उजळ-काळ्यातला फरक) ८० टक्के राहतो, फक्त काळ्या जागा पूर्ण काळ्या होत नाहीत. आणि यामुळे पट्ट्यांचे अंतर बदलत नाही, म्हणून उत्तर चुकण्याचा दोष या कारणाच्या माथी मारू नये.

झिऱ्यांची पट्टीही किरणाशी काटकोनात हवी. काचेवरून परत फिरलेला ठिपका लेझरच्या तोंडाजवळ पडला की ती सरळ आहे. हे पाहताना डोळे किरणाच्या पातळीच्या बरेच वर ठेवावेत आणि ठिपका कागदाच्या तुकड्यावर घेऊन पाहावा. झिऱ्यांवर धूळ असेल तर फुंकणीच्या रबरी फुग्याने उडवावी. कापडाने पुसू नये, कारण काळ्या थरावर ओरखडा पडला की ती तिसरी झिरी होते.

पाचवी तपासणी: झिऱ्यांमधले अंतर

मोठी चूक या आकड्यात सहज शिरते, पण तो मोजायला उपकरण लागते म्हणून तो इतक्या उशिरा येतो. सूत्रातले अंतर एका झिरीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे आहे. आपल्या मांडणीत आतल्या कडांमधले अंतर ०.२० मिलिमीटर भरते, आणि तेच सूत्रात घातले तर लाल लेझर ५२० नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा ठरतो. बाहेरच्या कडांपर्यंतचे ०.३० घातले तर ७८०. सरकत्या सूक्ष्मदर्शकाने मोजताना सोपा उपाय असा की दोन्ही झिऱ्यांच्या डाव्याच कडा घ्याव्यात. डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंतचे अंतर हे आपोआप मध्यापासून मध्यापर्यंतचेच असते.

या सूक्ष्मदर्शकाचे लघुतम माप, म्हणजे त्याला मोजता येणारे सर्वांत लहान अंतर, ०.०१ मिलिमीटर असते. ०.२५ वर ते चार टक्के झाले, म्हणजे उत्तरात २६ नॅनोमीटरची चूक निव्वळ इथून येऊ शकते. त्याहून चांगले हवे असेल तर सूत्र उलटे फिरवावे. हेलियम-निऑन लेझरची ६३२.८ नॅनोमीटर ही तरंगलांबी निऑनच्या अणूने ठरवून दिलेली असते. तिचे पट्टे मोजून झिऱ्यांमधले अंतर काढावे आणि मग त्याच झिऱ्यांनी अनोळखी लेझर मोजावा. ज्या लेझरने अंतर काढले त्याचीच तरंगलांबी पुन्हा त्या अंतराने काढून ‘बरोबर आली’ म्हणणाऱ्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यात काहीच सिद्ध होत नाही.

लेझर तापल्यामुळे तरंगलांबी बदलली असेल, असा युक्तिवादही वरचेवर ऐकू येतो. लाल डायोड लेझरची तरंगलांबी तापमानाबरोबर सरकते हे खरे, पण दर अंशाला नॅनोमीटरच्या चौथ्या भागाच्या आसपासच. दहा अंशांनी दोन-तीन नॅनोमीटर. तीस-चाळीस नॅनोमीटरच्या चुकीचे खापर तिच्यावर फोडता येत नाही.

सहावी तपासणी: दिव्याने पट्टे दिसत नाहीत

दिव्याच्या प्रत्येक बिंदूचे स्वतःचे पट्टे पडतात आणि शेजारच्या बिंदूचे किंचित सरकलेले असतात. दिवा रुंद असेल तर एकाचे काळे पट्टे दुसऱ्याच्या उजळ पट्ट्यांनी भरून जातात. म्हणून दिव्यासमोर एक अरुंद झिरी लागते. ती दुहेरी झिरीपासून अर्धा मीटर अंतरावर असेल, तर सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशात तिची रुंदी सुमारे १.२ मिलिमीटर झाली की पट्टे पूर्ण पुसले जातात. ०.३ मिलिमीटरच्या आत राहावे.

रुंदी बरोबर असूनही काही दिसत नसेल, तर ती झिरी दुहेरी झिरीला समांतर नाही. नेत्रिकेला (दिव्याचे मंद पट्टे पाहायच्या भिंगाला) डोळा लावून दिव्यासमोरची झिरी अगदी सावकाश फिरवावी. बराच वेळ पिवळ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही, मग धुक्यात उभे धागे असल्याचा भास होतो, आणि आणखी किंचित फिरवले की ते धागे एकदम काळे आणि ताठ उभे राहतात. तिथून पुढे गेले की पुन्हा धुके. ही जागा इतकी अरुंद असते की घाईने फिरवणारा ती ओलांडून जातो आणि झिऱ्या खराब आहेत असे ठरवून मोकळा होतो.

सोडियमचा दिवा लावल्यावर आधी लालसर गुलाबी दिसतो, कारण सुरुवातीला त्यातला निऑन वायू उजळतो. त्याच्या अनेक तरंगलांबी एकमेकींत मिसळतात आणि पट्टे विटतात. दिवा पूर्ण पिवळा होईपर्यंत काही मिनिटे थांबावे.

पांढऱ्या प्रकाशात मधला पट्टा पांढरा आणि त्याच्या शेजारचा आतून जांभळा, बाहेरून लाल दिसतो. त्यापलीकडे रंगांची सरमिसळ होते, कारण लालचा दुसरा पट्टा जांभळ्याच्या तिसऱ्यावर चढतो. तीन-चार पट्ट्यांनंतर सगळे विरून जाणे हा बिघाड नाही. बल्बसमोर वरच्या अर्ध्यात लाल आणि खालच्या अर्ध्यात निळी पारदर्शक पट्टी लावली तर दोन्हींची रुंदी एकाच वेळी दिसते. निळे पट्टे विटके दिसले तर त्या निळ्या पट्टीतून गडद लाल प्रकाशही निसटत असण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा दुसरी पट्टी घ्यावी.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

वरचे सगळे करूनही गुणोत्तर चुकत असेल आणि झिऱ्यांची जोडी तीच असल्याची खात्री असेल, तर लेझरवर छापलेला आकडा खरा नसावा. तो वर्णपटमापकावरच (प्रकाशाची तरंगलांबी थेट मोजणाऱ्या उपकरणावर) तपासावा लागतो आणि ते काम ज्याच्याकडे उपकरण व सराव आहे त्याचे. झिऱ्यांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत दिसल्या तर त्या दुरुस्त करायला जाऊ नये, नवी पट्टी घ्यावी.

लेझर स्वतः कधीही उघडू नये. ५३२ नॅनोमीटरच्या लेझरमध्ये हिरवा प्रकाश १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त किरणापासून तयार होतो आणि आतला गाळक निघाला किंवा मुळातच नसला तर तो अदृश्य किरण बाहेर येतो. तो दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. हेलियम-निऑन लेझरच्या वीजपुरवठ्यात हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही आतल्या संधारित्रात (वीज साठवणाऱ्या भागात) भार शिल्लक राहतो. सोडियमचा दिवा फुटला तर ओल्या फडक्याने पुसू नये, कारण सोडियम पाण्याशी जोरात पेट घेतो; खोली रिकामी करून प्रयोगशाळेच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला बोलवावे.

किरण थेट डोळ्यात गेला आणि नंतर नजरेत डाग राहिला, तर वेदना नसल्या तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. सोबत लेझरवरचा शक्तीचा आणि तरंगलांबीचा आकडा लिहून न्यावा.

यंत्रतज्ज्ञाकडे मांडणी देताना खुणा केलेला कागदही द्यावा आणि त्यावर पडद्याचे अंतर, झिऱ्यांमधले अंतर कसे मोजले, किती जागा धरल्या आणि दोन रंगांचे गुणोत्तर किती आले एवढे लिहावे. ‘उत्तर चुकते’ एवढ्यावरून त्याला सगळे पहिल्यापासून करावे लागते; या चार नोंदी असल्या की तो थेट पाचव्या तपासणीपासून सुरुवात करू शकतो.